पोस्टिंगमध्ये नेमकं काय शिकायचं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी बी.एस्सी. नर्सिंग

मुंबई, ठाणे आणि आसपासच्या नर्सिंग कॉलेजांमधून आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. अभ्यासक्रमात लिहिलेली शिकण्याची उद्दिष्टं आणि पोस्टिंगमधलं, म्हणजे शिकण्यासाठी वॉर्डात किंवा वस्तीत पाठवतात तिथलं, रोजचं काम, यांचा मेळ कसा घालायचा? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला ‘हा विषय पूर्ण झाल्यावर विद्यार्थी पुढील गोष्टी करू शकेल’ अशी यादी असते. सीनियर म्हणतात, ते पान सोडून दे, थेट पहिल्या युनिटपासून वाच. त्या यादीचा खरंच काही उपयोग असतो का?
— विद्यार्थिनी, डोंबिवली

असतो. फक्त ती यादी वाचताना क्रियापद बघायचं, बाकीचं वाक्य नंतर. ‘सांगेल’, ‘यादी करेल’ असं असेल तर पाठांतर पुरतं. ‘कारण स्पष्ट करेल’ असेल तर तोंडी परीक्षेत ‘का?’ हा प्रश्न येणार हे धरून चाला. ‘करून दाखवेल’ असेल तर पुस्तक कितीही वेळा वाचलं तरी ते उद्दिष्ट पुरं होत नाही, हात चालवावेच लागतात.

हात स्वच्छ करण्याचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच वेळा पाठ म्हणता येणं ही पहिली पायरी: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यानंतर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. वॉर्डात उभं राहून ‘आत्ता यातली कुठली वेळ आहे’ हे ओळखणं ही दुसरी पायरी. कुणी आठवण न करता ते होणं ही तिसरी. बहुतेक जण ‘नंतर’वाल्या वेळा पाळतात, कारण तिथे स्वतःची भीती असते. ‘आधी’च्या वेळा सुटतात, आणि पेशंटचा लॉकर किंवा सलाईनचा स्टँड हलवल्यावर हात स्वच्छ करायला हवेत हे तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. हँडरबला (हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाला) 20 ते 30 सेकंद आणि साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात. एकदा घड्याळ लावून बघा, आपण किती लवकर आटोपतो ते कळेल.

अभ्यासाचा वेळ कुठे घालायचा, हे क्रेडिटवरूनही कळतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या रचनेत सेमिस्टर 20 आठवड्यांचं आहे आणि 1 क्रेडिट म्हणजे थिअरीचे 20 तास, लॅबचे 40 तास किंवा क्लिनिकलचे, म्हणजे पेशंटजवळच्या कामाचे, 80 तास. तुमच्या पहिल्या सेमिस्टरच्या नर्सिंग फाउंडेशनला थिअरीचे 120 तास आहेत, तर लॅब आणि वॉर्ड मिळून 240. म्हणजे विषयाचा दोन तृतीयांश भाग पुस्तकाबाहेर आहे. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने तीन चौकटी काढा: पाहिलं, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं. सेमिस्टरच्या मध्यावर ज्या ओळींपुढे एकही चौकट भरलेली नाही, त्या घेऊन ट्यूटर मॅडमकडे जा. शेवटच्या आठवड्यात गेलात तर त्यांच्याही हातात फार काही नसतं.

मी क्लिनिकल ट्यूटर आहे. मेडिसिन वॉर्डच्या दोन आठवड्यांच्या पोस्टिंगसाठी उद्दिष्टं लिहिते, पण ती दर वर्षी तीच असतात: ‘विद्यार्थ्यांना मधुमेहाच्या पेशंटच्या काळजीची माहिती होईल’ वगैरे. मूल्यमापन करताना कशाला किती गुण द्यायचे तेच कळत नाही.
— ट्यूटर, भायखळा

‘माहिती होईल’ हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला गुणही देता येत नाहीत. उद्दिष्टात चार गोष्टी असल्या की गुणांचा प्रश्न आपोआप सुटतो: कोण, दिसेल असं कुठलं काम करेल, कुठल्या परिस्थितीत, आणि किती अचूक. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

मधुमेहाचंच एक काम घेऊ. आपल्याकडे 40 युनिटची इन्सुलिन वायल (छोटी बाटली, 1 मिलीत 40 युनिट) आणि 100 युनिटचं इन्सुलिन (1 मिलीत 100 युनिट) दोन्ही वापरात आहेत, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या: 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी टोपीची. आदेश 12 युनिटचा आहे. 40 ची वायल, 40 ची सिरिंज, 12 च्या रेघेपर्यंत भरलं तर 0.3 मिली येतं आणि डोस बरोबर असतो. त्याच वायलमधून 100 च्या सिरिंजमध्ये 12 च्या रेघेपर्यंत भरलं तर येतं 0.12 मिली, म्हणजे 4.8 युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या पाळीत कुणी योग्य सिरिंज वापरली की तो वाढवलेला डोस पेशंटला पुरा मिळतो. उलटी चूक जास्त धोक्याची. 100 युनिटचं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 12 पर्यंत भरलं तर 30 युनिट जातात, अडीचपट. अशा पेशंटला पहाटे घाम सुटतो, बोलणं असंबद्ध होतं, आणि शेजारचे नातेवाईक म्हणतात, ‘झोपेत बडबडतोय.’

आता उद्दिष्ट लिहा: ‘पहिल्या आठवड्याअखेर, लेखी आदेश, वायल आणि दोन्ही प्रकारच्या सिरिंज समोर असताना, विद्यार्थी वायलवरची तीव्रता मोठ्याने वाचेल, जुळणारी सिरिंज निवडेल, डोस भरेल आणि देण्याआधी दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेईल, तीन वेगवेगळ्या पेशंटसाठी, एकही चूक न करता.’ याला गुण देणं सोपं आहे. तीनही वेळा बरोबर तर पूर्ण, नाहीतर पुन्हा. इथे ‘दहापैकी सहा’ असा हिशेब चालत नाही.

दुसऱ्या आठवड्यासाठी त्याच पेशंटभोवती अवघड उद्दिष्टं लावा. गढूळ इन्सुलिन भरण्याआधी वायल तळहातांत हलकेच लोळवेल, जोरात हलवणार नाही. रोज टोचण्याची जागा निदान एक बोट सरकवेल. जेवणाची ट्रॉली कधी येते हे बघून साध्या इन्सुलिनची वेळ ठरवेल, कारण ते जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. साखर 70 च्या खाली आली आणि पेशंट गिळू शकत असेल तर साधारण तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासेल. पेशंट गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही न घालता लगेच डॉक्टरांना बोलावेल. यातलं शेवटचं वाक्य विद्यार्थ्यांकडून हमखास सुटतं, म्हणून ते वेगळं उद्दिष्ट म्हणूनच लिहा.

एका पोस्टिंगला अशी पाच-सहा उद्दिष्टं पुरेत. पंचवीस लिहिलीत तर ती फाइलमध्येच राहतील. आणि लिहिण्याआधी वॉर्डच्या सिस्टर इनचार्जना विचारा, या महिन्यात कुठले पेशंट आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मेडिसिन वॉर्डात मलेरिया, डेंगी, लेप्टोचे पेशंट भरलेले असताना उद्दिष्टं मात्र कॉलेजच्या जुन्या फाइलमधल्या क्रमानेच चालावीत, यात काय हशील?

औषधांची गणितं परीक्षेत येतात, वॉर्डात मात्र गोंधळ होतो. एखादी पद्धत सांगाल का?
— तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, कुर्ला

सूत्र बहुतेकांना येतं. चूक होते ती सूत्रात घालायचे आकडे उचलताना. म्हणून आधी अंदाज, मग आकडेमोड, मग दोन्ही जुळतात का ते बघायचं.

12 किलोचं मूल आहे, पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम. म्हणजे 180 मिलिग्रॅम. हातातली बाटली 5 मिलीत 250 मिलिग्रॅमची असेल तर 3.6 मिली, 5 मिलीत 125 ची असेल तर 7.2 मिली. दोन्ही बाटल्या औषधाच्या कपाटात शेजारी असू शकतात. ‘पाच मिली द्या’ अशा तोंडी सूचनेवर कधीच काम करू नका. आदेश मिलिग्रॅममध्ये मागा आणि मिली स्वतः काढा. हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचंही तसंच. 1 मिलीत 1000 युनिटची वायल वेगळी, 5000 ची वेगळी. 2500 युनिटसाठी एकीतून 2.5 मिली, दुसरीतून 0.5 मिली.

सलाईनसाठी: 500 मिली 4 तासांत द्यायचं आहे. तासाला 125 मिली. सेट 20 थेंबांना 1 मिली असा असेल तर 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रो सेट 60 थेंबांचा असेल तर तासाचे मिली हेच मिनिटाचे थेंब, म्हणजे 125. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो. पाकीट कचऱ्यात टाकण्याआधी तो वाचा, नंतर शोधत बसावं लागतं. आणि थेंब एकदा लावले की झालं असं नाही. पेशंटने हात दुमडला, पलंग वरखाली केला की गती बदलते. बाटलीवर वेळेची पट्टी चिकटवा आणि तासाभराने बघा.

रोज पाच गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय, पाळी सुरू होण्याआधी. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेसुद्धा होतात.

ऑस्कीमध्ये, म्हणजे एकेका स्टेशनवर काम करून दाखवायच्या परीक्षेत, बीपीच्या स्टेशनला मला नेहमी कमी गुण मिळतात. आकडा बरोबर येतो, तरीही.
— विद्यार्थिनी, ठाणे

ऑस्कीत आकड्याला थोडे गुण असतात, बाकीचे तिथवर पोचण्याच्या पायऱ्यांना. नव्या अभ्यासक्रमात ऑस्कीबरोबरच प्रत्यक्ष काम करताना निरीक्षण करून गुण देण्याचीही पद्धत आहे, त्यामुळे हे दोन्हीकडे उपयोगी पडेल.

बहुधा गुण इथे जातात: पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक न विचारता खाट क्रमांकावर भरवसा ठेवणं. पाच मिनिटं शांत बसवलं का, चहा-तंबाखू नुकता घेतला का, हे न विचारणं. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेला किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात निवडणं. कफ बाहीवरून बांधणं. दंड लटकता ठेवणं; तो हृदयाच्या पातळीपेक्षा खाली असला की आकडा जास्त येतो. कफ दंडाच्या मानाने अरुंद असला तरीही आकडा जास्त येतो, म्हणून आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के आणि लांबी 80 टक्के हवी. मग मनगटाची नाडी चाचपत फुगवायचं, नाडी लागेनाशी होते त्या आकड्याच्या 30 वर जायचं आणि सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर इतक्याच गतीने हवा सोडायची. घाईने सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त ऐकू येतो. नोंद जवळच्या सम आकड्यात: 128/86 असेल तर तेच लिहा, 130/90 नाही.

शेवटी पेशंटला आकडा सांगणं आणि कुणाला कळवणार ते बोलून दाखवणं. याला गुण असतात आणि वेळ संपल्यामुळे नेमके तेच राहून जातात.

जाता जाता श्वासाच्या मोजणीबद्दल. वॉर्डात दहा चार्ट उघडा, बहुतेकांवर 20 दिसेल. पूर्ण 60 सेकंद मोजा, पेशंटला न सांगता, नाडीवर बोटं ठेवून नाडीच मोजतोय असं भासवत. पेशंट बिघडायला लागला की सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि नेमकी हीच आपण मनाने भरतो.

मुलगी बारावीला आहे. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. यांत शिकण्याच्या दृष्टीने काय फरक? कॉलेज बघताना काय तपासावं?
— पालक, लालबाग

जी.एन.एम. तीन वर्षांचा डिप्लोमा, बी.एस्सी. चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी. खाटेजवळचं काम दोन्हीकडे शिकवतात. पदवीत त्यावर संशोधन, व्यवस्थापन, आरोग्य माहिती-तंत्रज्ञान आणि शिकवण्याची कौशल्यं जास्त असतात, आणि पुढे एम.एस्सी.चा रस्ता सरळ राहतो. बी.एस्सी.साठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, राज्याची सीईटी द्यावी लागते.

कॉलेजला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा. मग इमारत सोडून हॉस्पिटलबद्दल विचारा: मुलांची पोस्टिंग कुठल्या वॉर्डांत, आठवड्यातून किती दिवस, बरोबर ट्यूटर असते की नाही. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण अपेक्षित आहे. मानसोपचार, बालरोग आणि प्रसूती या तीन पोस्टिंग कुठे होतात याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

उद्दिष्टांच्या यादीत ‘संवेदनशीलता’, ‘आदर’ असे शब्द असतात. ते शिकवायचे आणि मोजायचे कसे? कम्युनिटी पोस्टिंगमध्ये तर सगळंच हवेत राहतं.
— शिक्षिका, चेंबूर

भाव मोजता येत नाही, वागणं बघता येतं. ‘पेशंटचा आदर करेल’ याऐवजी ‘तपासणीआधी पडदा ओढेल, काय करणार ते पेशंटच्या भाषेत सांगेल, होकाराची वाट बघेल’ असं लिहा.

भाषेला इथे वेगळं उद्दिष्ट द्यायला हवं. मुंबईच्या वॉर्डात एकाच रांगेत मराठी, हिंदी, उर्दू, भोजपुरी, गुजराती बोलणारे पेशंट असतात. ‘गॅस झालाय’, ‘छातीत भरून आलंय’, ‘घबराहट होती है’ ही वाक्यं हृदयविकाराच्या झटक्याचीही असू शकतात. विद्यार्थ्याने ‘गॅस’ असं लिहून पुढे जाऊ नये. कधीपासून, कुठे, घाम येतो का, हात-जबड्यात कळ जाते का, हे विचारून पेशंटचेच शब्द अवतरणात नोंदवावेत आणि लगेच कळवावं. हे बघता येतं, म्हणजे मोजताही येतं.

कम्युनिटीसाठी टीबीचं घर घ्या. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं. तिथे ‘पेशंटला वेगळ्या खोलीत झोपवा’ हा पुस्तकी सल्ला देणारा विद्यार्थी नापास समजावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. उद्दिष्ट असं: घर पाहून सल्ला बदलेल. पेशंटची झोपायची जागा खिडकी-दाराजवळ, डोकं हवेच्या बाहेर जाण्याच्या दिशेला. खोकताना रुमाल. घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि गरजेप्रमाणे प्रतिबंधक उपचारासाठी हेल्थ पोस्टला (महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात) नाव नोंदवणं. गोळ्या कुणासमोर आणि किती वाजता घेतो ते विचारणं, ‘घेता ना?’ असं नाही, कारण त्याला उत्तर ‘हो’च येतं. टीबीच्या पेशंटसाठी असलेल्या सरकारी नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याचे 1000 रुपये खात्यात येतात का ते तपासणं. बरेचदा बँक खातं जोडलेलं नसतं. पुढच्या भेटीत यातलं काय झालं ते बघून गुण द्या.

आठव्या सेमिस्टरच्या इंटर्नशिपला आहे. वॉर्डात माणसं कमी, म्हणून दिवसभर सॅम्पल पोचवणं आणि रिपोर्ट आणणं चालतं. लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सह्या मात्र सगळ्या मिळतात.
— विद्यार्थिनी, सायन

इंटर्नशिप 22 आठवड्यांची आहे, आठवड्याला 48 तास. प्रौढांच्या नर्सिंगला 6 आठवडे, आणि कम्युनिटी, बालरोग, मानसोपचार, प्रसूती यांना प्रत्येकी 4. पदवीआधी क्लिनिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते, 80 टक्के ही अट फक्त परीक्षेला बसण्यापुरती. हजेरी तुमची भरेल, पण सहीमागचं काम न करता नर्स म्हणून नोंदणी झाली तर पहिल्या नोकरीत रात्रपाळीला एकट्या पडलात की पंचाईत होईल.

तक्रारीआधी एक गोष्ट करून बघा. पाळीच्या सुरुवातीला ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेतानाच सिस्टर इनचार्जना सांगा, ‘आज मला खाट 4 आणि 5 द्या, पूर्ण बघते, औषधांपासून नोंदींपर्यंत, आणि ओव्हरही मीच देते.’ पेशंट मागितलेल्या माणसाला धावपळीला पाठवणं जड जातं. ओव्हर देताना क्रम ठरलेला ठेवा: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, पुढच्या पाळीने काय करायचं. दोन मिनिटांत बसवा. शेवटचा भाग सोडून देण्याची सवय फार आहे, म्हणून ‘सगळं ठीक’ याऐवजी ‘सहा वाजता लघवीचं प्रमाण बघा, तासाला 30 मिलीपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना कळवा’ असं सांगा.

न केलेल्या कामावर सही मिळत असेल तर ती घेऊ नका. तारीख मोकळी ठेवा आणि महिन्याच्या शेवटी कॉलेजच्या समन्वयकांना त्या मोकळ्या ओळी दाखवा. तोंडी तक्रारीपेक्षा ते कागद जास्त बोलतात. दोन आठवड्यांत काही हललं नाही तर तेच लेखी द्या, मैत्रिणींच्या सह्यांसकट.

पहिल्या पोस्टिंगआधी कुठली लस घ्यायची? आणि सुई टोचली तर?
— प्रथम वर्ष, विरार

हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. वॉर्ड सुरू होण्याआधी निदान दोन व्हावेत असं बघा, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून घ्या. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपी लावायची नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

टोचलीच तर बोट पिळू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच इनचार्जना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या गरज असेल तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ‘मॅडम ओरडतील’ म्हणून पाळी संपेपर्यंत गप्प बसलात तर त्यातले सहा-सात तास तिथेच गेले. पेशंटचा केसपेपर क्रमांक लिहून ठेवा. त्याची तपासणी करायची असते, आणि संध्याकाळपर्यंत त्याला घरी सोडलेलं असू शकतं.